रांजणातला प्रबंध

माझ्या हळदीच्या दिवशी माझा पीएचडीचा प्रबंध माझ्याच डोक्यावर ओतण्यात आला.

साल ऐंशीच्या आसपासचं. मी नागपुरात पेशीतल्या विजेवर संशोधन करत होतो. पेशीच्या पडद्याला बारीक दारं असतात. त्यांतून क्षारांचे कण (शास्त्रात आयन म्हणतात) ये-जा करतात आणि इवलीशी वीज तयार होते. ती मोजायला पेशीत सुई खुपसावी लागते. आता डोळ्यालाही न दिसणाऱ्या पेशीत सुई खुपसणार कुठे? म्हणून आम्ही एक पाणवनस्पती वापरायचो, तिची एकेक पेशी बोटाएवढी लांब! उन्हाळ्यात प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि सर म्हणाले, "घरी घेऊन जा. हे मेलं, तर तुझं वर्ष गेलं." मी बादली मांडीवर घेऊन एसटीनं तळेगावला, स्वतःच्या लग्नाला, येऊन दाखल झालो.

"शेवाळ?" माझी आत्या ओरडली. "अन् तेबी नागपुराहून? काऊन, आपल्या गावात शेवाळाचा दुष्काळ पडला काय?"

"आत्या, यात वीज असते!"

झालं! वनस्पती मी न्हाणीमागच्या रांजणात ठेवली आणि सारं घर रांजणापासून चार हात लांबून जाऊ लागलं. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मास्तरकीची खोड!

"अगं, या विजेनं मुंगीलाही झिणझिण्या येणार नाहीत. घाल, बिनधास्त हात घाल!"

आत्यानं घातला. "बाई! पानी त गारेगार हाय!"

हळदीच्या दिवशी सकाळीच लाईन गेली. मोटार बंद, ड्रम रिकामा आणि मी पाटावर, डोळे मिटून, नखशिखांत पिवळा. वरून ऊन आग ओकत होतं. इतक्यात डोक्यावर गारगार धार पडली. अहाहा!

"ओत आत्या, आणखी ओत!" (हे मीच म्हणालो. साक्षीदार आहेत.)

तिनं ओतलं. कानावर काहीतरी लोंबलं. ओढून पाहतो तर हिरवं!

"आत्या! हे पाणी कुठलं?"

"तुह्या रांजणातलं! तूच त म्हनला ना, बिनधास्त?"

माझं वर्ष मोरीकडे निघालं होतं. मी ओल्या धोतरानिशी अंगणभर रांगत एकेक काडी वेचू लागलो.

"नवरदेव काऊन रांगून राह्यला?" बायका विचारू लागल्या.

"त्याचं वर्ष वाहून गेलं वं!" आत्यानं गळा काढला.

ही बातमी कारंज्याला, माझ्या सासुरवाडीला पोचेपर्यंत 'नवरदेवाले शॉक लागला, डोक्यावर परिणाम झाला' अशी झाली होती! संध्याकाळी होणारे सासरे ट्रकमध्ये बसून थेट दारात. मी अजून पिवळाच (धुवायला पाणी कुठे होतं?), हातात वाटी, वाटीत हळद लागून मरगळलेल्या चार काड्या. त्यांनी सगळं ऐकलं, एक काडी उचलून हुंगली.

"याले लसणाचा वास येते काय?"

"येतो! तुम्हाला कसं कळलं?"

"हं," एवढंच म्हणून ते चहा पिऊन निघून गेले. लग्न मोडलं, असं समजून आईनं पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं होतं. चकल्या आणि अनारसे यांच्या मधोमध लोणच्याची काचेची बरणी, वर क्रोशाचा रुमाल. आत हिरवंगार, टवटवीत, माझं वर्ष!

अक्षता पडल्यावर नवरी हळूच म्हणाली, "बाबांनी वासाचं सांगितलं, मग मीच काढून आणलं. आमच्या संत्र्याच्या बागेत हौदभर हाय. तुमचं काम होईन काय?"

माझं लग्न त्या तीन वाक्यांतच लागलं, असं मी आजही मानतो. त्या बरणीवर माझा प्रबंध पुरा झाला आणि त्यात मी तिघांचे मनापासून आभार मानले: बायकोचे, सासऱ्यांचे आणि आत्याचे. तिनं ओतलं नसतं तर हौद कुठला सापडायला!

तोंडी परीक्षा देऊन मी पेढे घेऊन आत्याकडे गेलो.

"साऱ्या सवालांचे जवाब देल्ले ना?"

"एकाचं नाही आलं गं. पेशीत क्षार शिरतात कसे, तिथेच अडलो."

आत्यानं पेढा खाली ठेवला. माझ्या डोक्यावर बोटानं टकटक केलं.

"असं कसं, बाबू? मीनं त सारं इथंच ओतलं होतं! आत काहीच नाई शिरलं काय?"