अदलाबदलीचा बुधवार

माझा स्वभाव संशयी आहे हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाल्याने न मागता जास्त कोथिंबीर टाकली तर मी आधी पिशवीतले टोमॅटो तपासते. नवरा म्हणतो, तुला देव प्रसन्न झाला तर तू त्याचं आधार कार्ड मागशील. मागेन. पण याचा सगळा दोष माझ्या स्वभावावर टाकू नये. मी इंदूरच्या ज्या खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, तिथल्या ट्रेनिंगांनीही या स्वभावाला बरंच खतपाणी घातलं आहे.

आमची लॅब चोवीस तास चालते. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या, आणि आठवड्यातून एक सुट्टी. ती सुट्टी ज्याच्या त्याच्या नशिबाने ज्या वारी येईल त्या वारी. ट्रेनिंग मात्र सगळ्यांना सक्तीचं. आग लागली तर काय करायचं, हात कसे धुवायचे, सांडलेलं रक्त कसं पुसायचं. शिकायला माझी ना नाही. पण आगीचं ट्रेनिंग आम्हाला रात्रपाळी संपल्यावर तळघरात बसवून दिलं. डोळे मिटत होते आणि समोरचा माणूस सिलिंडरची पिन कशी ओढायची ते सांगत होता. हात धुण्याचं ट्रेनिंग सुट्टीच्या दिवशी बोलावून दिलं. या वेळेचा पगार किंवा बदली सुट्टी मिळणार का, असं विचारलं तर ऑफिसातून उत्तर आलं की हे तुमच्याच विकासासाठी आहे. माझा विकास, माझ्या सुट्टीत, मला न विचारता, आणि वर एक थंड समोसा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी मी त्यानंतर हॉस्पिटलची प्रत्येक सूचना दोनदा वाचायला लागले.

मग गेल्या वर्षी ट्रेनिंगसाठी नव्या मॅडम आल्या, पुण्याकडच्या. बोलणं इतकं गोड आणि स्वच्छ की आमच्यासारख्या इंदुरी मराठी बोलणाऱ्यांना जपून तोंड उघडावं लागे. मी एकदा त्यांना म्हणाले, "मी कब से तुमचा वेट करून राहिले." त्या हसल्या नाहीत. मला तेही खटकलं. हसू आलं तर माणसाने हसावं, गिळून कशाला ठेवायचं? शिवाय त्या आल्या आल्या प्रत्येकाला घरी कोण कोण आहे ते विचारत होत्या. एवढी चौकशी कोणी फुकट करत नाही, असं माझं मत झालं.

आता मला आमच्या हातोदच्या भियांबद्दल सांगायला हवं; इंदुरात भैयाला भिया म्हणतात. ते माझ्याच लॅबमध्ये टेक्निशियन आहेत, माझ्यापेक्षा लहान, रोज जवळच्या हातोद गावाहून मोटरसायकलने येतात. रोस्टरमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यात, त्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी होती आणि माझी बुधवारी. मला बुधवारचा काही उपयोग नव्हता, घरची सगळी माणसं रविवारी घरी. त्यांना रविवारचा उपयोग नव्हता. तेव्हाच्या आमच्या इनचार्जनी सांगितलं की आपसात बदलून घ्या, मला तक्ता बदलायला लावू नका. आम्ही बदलून घेतलं. हजेरीच्या अंगठ्याच्या मशीनला महिन्याचे दिवस भरल्याशी मतलब, वार कोणता ते कोणी बघत नसे. हे वर्षानुवर्षं इतकं सुरळीत चाललं की तक्त्यात काय लिहिलंय ते मी पाहायचंच सोडलं. माझी सुट्टी रविवारची, बस. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी रविवारच सांगितलं असतं.

भियांना बुधवार कशासाठी हवा होता ते लॅबमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. त्यांच्या धाकट्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मोठी धावपळ करून तिच्या कानात ऑपरेशनने मशीन बसवलं. आवाज आता आत पोहोचत होता, पण आवाजाचं बोलणं करायला शिकवावं लागतं, आणि ते लहान वयातच जमतं. शिकवणाऱ्या बाई मल्हारगंजातल्या एका केंद्रात फक्त बुधवारी येत. घरी सराव करून घेणारा माणूस समोर बसलेला हवा, असा त्यांचा नियम. घरी सराव भियाच करून घेत. लागोपाठ दोन बुधवार चुकले की ती वेळ रांगेतल्या दुसऱ्या मुलाला देत. एक दिवस भियांनी मोबाइलवर आम्हाला तिचा आवाज ऐकवला. "पा", एवढंच. मग थोडं थांबून पुन्हा "पा". पाणी की पापा यावर लॅबमध्ये वाद झाला. माझे डोळे भरून आले होते, आणि मी ते लपवले नाहीत.

अशात नोटीस लागली. तपासणीसाठी बाहेरचे लोक येणार, म्हणून संसर्गाचं नवं ट्रेनिंग, तीन आठवडे, आठवड्यातून एक दिवस, सक्तीचं. माझं नाव रविवारच्या तुकडीत. भियांचं बुधवारच्या. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. माझी सुट्टी रविवारी, त्यांची बुधवारी, आणि दोघांना नेमकं सुट्टीच्या दिवशी बोलावलं. हा योगायोग कसा असेल? ड्यूटीच्या वेळेत ट्रेनिंग ठेवलं तर हॉस्पिटलला तेवढा वेळ पगार द्यावा लागतो. सुट्टीत ठेवलं की विकास. मॅडमनी घरच्या चौकशा कशासाठी केल्या तेही मला कळलं. कोण अडचणीत आहे, कोण तोंड उघडणार नाही, ते बघून ठेवलं होतं.

पहिला बुधवार भियांचा ट्रेनिंगमध्ये गेला. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, पुढचा चुकवू नका. मी भियांना म्हणाले की आपण दोघं ऑफिसात जाऊ आणि सरळ विचारू. ते मशीनमध्ये नळ्या लावत होते. वर न बघता म्हणाले, "ताईजी, आप अभी कुछ मत बोलना. मैडम से मैं अकेले में बात कर लूंगा. वो समझ जाएंगी."

मला त्यांची दया आली. गोड बोलणाऱ्या माणसापुढे हा सरळ गडी एकटा जाणार आणि हात हलवत परत येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. विनवण्या कशाला करायच्या? हक्काचं आहे ते हक्काने मागावं. त्यांनी मॅडमना गाठण्याआधी मीच ऑफिसात गेले.

मॅडम तिथेच होत्या, आणि कर्मचाऱ्यांचं बघणारे साहेबही. मी बसले नाही. उभ्यानेच म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी ट्रेनिंग ठेवायचं आणि त्याचे पैसे नाही द्यायचे, ये कौनसी बात हुई? माझा रविवार घेतला, भियांचा बुधवार घेतला. एक तर पगार द्या, नाही तर बदली सुट्टी द्या."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "ताई, आपण हे बाहेर बोलू या का?"

मला वाटलं, सापडल्या. साहेबांसमोर बोलायला घाबरताहेत. मी म्हणाले, जे आहे ते इथेच होऊ द्या.

साहेबांनी संगणकावर तक्ता उघडला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. माझी सुट्टी बुधवार. भियांची रविवार. म्हणजे ट्रेनिंग दोघांनाही ड्यूटीच्या दिवशी, ड्यूटीच्या वेळेत, पगारी. इतकी वर्षं आम्ही जे मागत होतो तेच, आणि ते मॅडमनी आल्यावर भांडून मिळवलं होतं, हे साहेबांच्याच कुरकुरीतून कळलं. पण साहेबांना आता वेगळ्याच गोष्टीत रस होता. तुमची सुट्टी बुधवारी, मग तुम्ही रविवारी कुठे असता? त्यांनी मशीनची हजेरी काढली. मागचे महिने, त्याच्या मागचे महिने. मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांना अदलाबदल आधीच दिसली असणार, ट्रेनिंगच्या तुकड्या लावताना हजेरी त्याच बघत. दिसली होती आणि त्या गप्प राहिल्या होत्या. निदान आता मला तसं वाटतं. तेव्हा मात्र माझ्या मनात आलं की माहीत होतं तर मला आधी सांगितलं का नाही, यातही काही डाव असेल. इतकं झालं तरी माझी खोड जात नव्हती.

त्याच संध्याकाळी नोटीस लागली. आपसातली अदलाबदल बंद. सुट्टी तक्त्याप्रमाणेच. आम्हा दोघांना तोंडी समज मिळाली, आणि पुन्हा असं झालं तर लेखी खुलासा द्यावा लागेल असं सांगितलं. पगाराचा मुद्दा मी मांडला तो चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. सुट्टीतल्या ट्रेनिंगचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण मी तो भलत्या दिवशी, भलत्या माणसाविरुद्ध मांडला, आणि बुधवारची सुट्टी माझ्या गळ्यात येऊन पडली. जिचा मला काही उपयोग नव्हता, ती.

भिया मला काहीच बोलले नाहीत. डबा मात्र दुसऱ्या टेबलावर खायला लागले. मला त्या शांततेची भीती वाटली. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते आणि मोकळी झाले असते.

दोन दिवस मला झोप नीट लागली नाही. मग मी मॅडमकडे गेले. या वेळी बसले. त्यांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. म्हणाल्या, तक्ताच बदलून घेऊ, कायमचा. दोघांनी मिळून एक अर्ज द्यायचा, दोघांच्या सह्या, मंगळवारी संध्याकाळपर्यंत. साहेबांशी मी बोलते. बुधवारच्या ट्रेनिंगऐवजी भियांना शुक्रवारच्या तुकडीत घालते, तुम्हाला सोमवारच्या. अर्ज त्यांनीच लिहून दिला, मराठीत नाही, हिंदीत, भियांना वाचता यावा म्हणून. मी खाली सही केली. वाचून केली, दोनदा.

मंगळवारी दुपारी मी तो कागद घेऊन भियांकडे गेले. ते सॅम्पल लावून नुकतेच हात धुऊन आले होते. मी सांगितलं की यावर सही करा, बुधवार परत तुमचा, कागदावर पण तुमचा. उद्याच मुलीला घेऊन जा. त्यांनी हात पुसले, कागद घेतला, सावकाश वाचला. मग उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. पुन्हा पुढची बाजू वाचली.

"ताईजी, इसमें आपका क्या फायदा है?"

मी म्हणाले, काही फायदा नाही, मला रविवार परत मिळेल एवढाच. त्यांनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. इतकी वर्षं अदलाबदल केली हे यात कबूल होतं का, उद्या यावरून खुलासा मागतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाही मागणार. मॅडमनी शब्द दिलाय. हे माझ्या तोंडून निघालेलं ऐकून ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

"आपने ही तो सिखाया था," ते म्हणाले, "यहाँ किसी कागज पे जल्दी में साइन मत करना."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. घरी दाखवून सांगतो म्हणाले. मी म्हणाले की संध्याकाळपर्यंत द्यायचा आहे. त्यांनी मान हलवली आणि मशीनकडे वळले. संध्याकाळी मी जिन्यापाशी त्यांची वाट बघत उभी राहिले, तर ते मागच्या दाराने निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता, मल्हारगंजातला लागोपाठ चुकणारा दुसरा. भिया कामावर गेले. मी सुट्टीवर होते, घरी.