शनिवारची गाडी आता मी चालवते

माझ्या नाकावर माशी बसत नाही. त्यासाठी मी माहेरी प्रसिद्ध होते, सासरी बदनाम होते, आणि इथे सातासमुद्रापार फ्रीमाँटमध्ये एकवीस वर्षं काढूनही त्यात काही फरक पडलेला नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी ह्यांच्यावर ओरडले की कुणी दचकायला नको. हे म्हणजे माझे यजमान. लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी मी त्यांना 'अहो'च म्हणते, आणि सगळ्या शिव्या त्या एका 'अहो'मध्ये बसवते.

आमचा शनिवार ठरलेला असायचा. आठवडाभर ह्यांचं ऑफिस आणि माझी लायब्ररीतली अर्धवेळ नोकरी, पण शनिवारी साडेदहाला गाडी गॅरेजबाहेर म्हणजे बाहेर. कधी समुद्रावर खेकडे खायला, कधी मळ्यात जाऊन झाडावरच्या चेरी तोडायला, आणि बरेचदा लिव्हरमोरच्या वायनऱ्यांमध्ये, म्हणजे द्राक्षमळ्यातच वाइन करून चाखायला देतात तिथे. मी नाशिकची. द्राक्षं खातच वाढले, पण वाइनचा पहिला घोट घेतला तो इथे, चाळिशी उलटल्यावर. पहिल्यांदा वाटलं, ह्यापेक्षा खोकल्याचं औषध बरं. मग हळूहळू गोडी लागली. डब्यात थालीपीठ आणि लसणाची चटणी न्यायची, बाहेरच्या टेबलावर बसायचं आणि त्याबरोबर झिन्फँडेल नावाची लाल वाइन मागवायची. नाकं मुरडणाऱ्यांनी आधी एकदा खाऊन बघावं, मग मला नावं ठेवावीत.

वाइन चाखायला गेलं की ते लोक पाच प्रकार थोडे थोडे ओततात. काउंटरवर एक छोटी बादली असते. आवडली नाही, किंवा गाडी चालवायची असेल, तर एक घोट घ्यायचा आणि उरलेली त्यात ओतायची. सगळे ओततात. आम्ही दोघांनी आयुष्यात कधी ओतली नाही. पानात टाकायचं नाही, हे दोघांच्याही घरी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. त्यामुळे आमची आपोआप एक पद्धत पडली होती. हे ड्रायव्हर, म्हणून हे प्रत्येकातला एक घोट घ्यायचे, डोळे बारीक करून "ह्यात मिऱ्याचा वास आहे बघ" म्हणायचे आणि ग्लास माझ्याकडे सरकवायचे. मी "हो, आहे" म्हणायची आणि संपवायची. मिरी मला कधीच लागली नाही. पण तेव्हा ह्यांचा चेहरा इतका खूश असायचा की मी मिरीच काय, वेलदोडाही कबूल केला असता.

मग ह्यांचे डोळे बिघडले. सुरुवात बाथरूमपासून झाली. नवीन टाइल्स बसवल्या होत्या आणि हे रोज म्हणायचे, ओळ वाकडी बसवलीय, त्या माणसाला बोलाव. मी पट्टी लावून दाखवली, ओळ सरळ होती. आमच्या घरात ह्यांचं चुकलं असं कधी होत नाही, म्हणून वाद दोन आठवडे चालला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय, दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. इंजेक्शनं सुरू केली, आहे तेवढं टिकवायला. त्याच संध्याकाळी ह्यांनी लायसन्स काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "संपलं आपलं फिरणं." आणि रिक्लायनरच्या खुर्चीत जाऊन बसले.

आता माझं एक गुपित सांगते. लायसन्स मलाही होतं, पण ते फक्त गावातल्या गावात. लायब्ररी, इंडियन ग्रोसरी, मंदिर, मुलीची शाळा, एवढंच माझं राज्य. एकवीस वर्षांत फ्रीवेवर, म्हणजे त्या सुसाट हायवेवर, गाडी घातली नव्हती. माझ्या ओळखीत अशा बऱ्याच जणी आहेत, आम्ही फक्त बोलत नाही. कुणी लांब बोलावलं की म्हणायचं, "ह्यांना वेळ असला तर येते." कॅनियनच्या दरीतून आतला रस्ता जातो लिव्हरमोरकडे, पण त्याची वळणं बघून मी त्याच्या वाटेला कधी गेले नाही.

तीन शनिवार घरात गेले. साडेदहा वाजायचे, आणि आम्ही दोघं घड्याळाकडे बघतच नाही असं दाखवायचो. मी पोहे केले, हे म्हणाले "ठीक आहेत." माझ्या पोह्यांना छत्तीस वर्षांत कुणी नुसतं ठीक म्हटलं नव्हतं. मी बोलायला लागले की तोंड फिरवायचे. मला डोळ्यांची भीती नव्हती इतकी त्या खुर्चीची वाटायला लागली. माझ्यादेखत माणूस तिच्यात रुतत चालला होता आणि मला ते बघवत नव्हतं.

मुलगी ऑस्टिनला असते. फोनवर म्हणाली, "आई, बी रिझनेबल. राइड बुक करा ना, सो सिंपल."

"वाटेत चेरीचा बोर्ड दिसला तर राइडवाला थांबेल?" मी विचारलं. "आणि थांबला तरी वर झाडाखाली तुझ्या बाबांशी भांडेपर्यंत थांबेल?"

"ओके, देन मूव्ह हिअर."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं, मी फ्रीवे शिकणार. हे हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले, आणि ते मला. "तू? सहाशे ऐंशी नंबरच्या फ्रीवेवर?" म्हणाले. झालं! तिथेच पक्कं झालं.

मला शिकवायला एक फिलिपिनो बाई मिळाल्या. शाळेची बस चालवून रिटायर झालेल्या, उंचीने माझ्या खांद्याला, पण आवाज असा की मागच्या सीटवरचं पोरही मुकाट बसावं. पहिल्याच दिवशी मी काय केलं, तर फ्रीवेला चढणाऱ्या रॅम्पच्या टोकाला जाऊन गाडी उभी केली. मागे भोंगे. बाईंनी माझ्यापेक्षा मोठ्याने किंकाळी फोडली.

"थांबलीस का?"

"कुणीतरी या म्हणेल म्हणून."

"इथे कुणी या म्हणत नाही! तू त्यांच्याइतकी पळ, मग जागा होते."

अकरा मंगळवार मी पळायला शिकले. घरी आल्यावर लगेच आत न जाता गॅरेजमध्येच गाडीत बसायची. दोनदा रडले. एकदा सुनोलच्या चढावर दोन ट्रकांच्या मधे सापडले तेव्हा नाशिकच्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाली, मग शिरडीलाही हाक मारली. पण सोडलं नाही. हे विचारायचे नाहीत आणि मी सांगायची नाही. दर मंगळवारी मी आत आले की टीव्हीचा आवाज मात्र जरा कमी व्हायचा.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दहा वाजता मी थालीपिठांचा डबा भरला आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अहो, उठा. शर्ट बदला."

"मी येत नाही."

"मग मी एकटी जाते. कालचा भात आहे, फोडणी घालून घ्या."

दहा मिनिटांनी हे शर्ट बदलून आले. "तुला एकटीला पाठवून मी काय इथे पोलिसांच्या फोनची वाट बघत बसू?" म्हणाले. बटण एक चुकलं होतं, पण मी गप्प बसले. तेवढं शहाणपण आहे मला.

रॅम्प आला, आरशात बघितलं, मान वळवून बघितलं, पाय दाबला आणि गेले आत. हे वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसले होते. लिव्हरमोर येईपर्यंत सोडलं नाही. मी गाडी लावली तेव्हा पाठ घामाने ओली झाली होती आणि मला इतका आनंद झाला होता की पार्किंगमधल्या अनोळखी माणसालाही मी "गुड मॉर्निंग" म्हटलं. दुपारचे बारा वाजले होते.

आणि त्या आनंदानेच घात केला. काउंटरवरच्या बाईंनी पहिली वाइन ओतली. ह्यांनी सवयीने ग्लास उजेडात धरला, बराच वेळ धरला, आणि खाली ठेवला. "रंगच कळत नाहीये," म्हणाले आणि एक घोट घेऊन ग्लास माझ्याकडे सरकवला, नेहमीसारखा. बाई म्हणाल्या, नको असेल तर बादलीत ओता, नो प्रॉब्लेम. मी बादलीकडे बघितलं. हात जाईना. इतकं चांगलं अन्न! संपवली. मग माझी संपवली. मग दुसरी आली. मी फ्रीवे कसा मारला ते त्या बाईंना रंगवून सांगत होते आणि ह्यांचा ग्लास, माझा ग्लास, ह्यांचा, माझा. पाचवीच्या तळाशी आल्यावर आठवलं की गाडी कुणी आणलीय.

कपाळ माझं! अकरा आठवडे शिकून, एवढा आटापिटा करून, मी ड्रायव्हर आहे हेच विसरले. आमच्या घरात ड्रायव्हर म्हणजे हे. पिणारी मी. ते इतकं अंगात मुरलेलं की बदललंय हे डोक्याला कळलं होतं, हाताला नव्हतं.

"बोलाव आता राइड," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात जरासुद्धा वाईट वाटणं नव्हतं, हे मी नोंदवून ठेवलं.

"नाही बोलवणार."

"अगं, मग काय इथे मुक्काम करायचा?"

"पाच तास बसायचं. सहा तास बसायचं. पूर्ण उतरेपर्यंत मी किल्लीला हात लावणार नाही, आणि उतरल्यावर गाडी मीच नेणार. आज राइडमधून घरी गेलो ना, तर पुन्हा तुम्ही त्या खुर्चीतून उठणार नाही. मला माहितीये."

मी पाण्याचे दोन जग, ब्रेड, चीज आणि ऑलिव्ह मागवले आणि ओकच्या झाडाखालचं टेबल धरलं. काउंटरवरच्या बाईंना खरं ते सांगून टाकलं. त्या हसल्या, म्हणाल्या, गेट सहाला लावते, तोपर्यंत बसा.

पहिला तास फुगण्यात गेला. दुसऱ्या तासात थालीपीठ निघालं. मग हे आपणहून उठले, चाचपडत पायरी चढून आत गेले आणि हातात एक ग्लास घेऊन आले. कुठली आहे ते बाईंना सांगू दिलं नव्हतं. नाकाशी धरली, एक घोट घेतला आणि म्हणाले, "मघाची चौथी." मी जाऊन विचारून आले. चौथीच होती. त्यांनी आख्खा ग्लास स्वतः संपवला, मला एक थेंबही दिला नाही. मीही मागितला नाही.

मग बोलायला लागले. मुलीबद्दल, ऑफिस सोडावं का त्याबद्दल, पुढच्या इंजेक्शनबद्दल. तीन महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर येत होतं, पण बोलत होते समोरच्या टेकडीशी. मी डावीकडे बसलेली, आणि ह्यांचं तोंड टेकडीकडे. घरीही हेच. माझा पारा चढला.

"अहो, बायको इकडे आहे! त्या डोंगराशी काय संसार करताय? मी इतकी नकोशी झालेय की माझ्याकडे बघवतही नाही?"

ते वळले. सरळ माझ्याकडे बघितलं. "आता तुझ्याकडे बघतोय ना?" म्हणाले. "आता तू दिसत नाहीस. तुझ्या तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग आहे." मग तोंड पुन्हा टेकडीकडे वळवलं. "असं केलं की कडेला तू दिसतेस. टिकली लावलीयेस. केस विस्कटलेत."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? की बायकोला बघायचं तर तोंड फिरवावं लागतं?"

मी रडले. भर दुपारी, परक्या लोकांसमोर, नाक पुसायला पेपर नॅपकिन कमी पडले एवढी. तीन महिने मी ज्याला रुसवा समजून आदळआपट करत होते, ते म्हणजे हा माणूस माझ्याकडे बघत होता. हे टेकडीकडे बघत बसून राहिले, आणि हात माझ्या पाठीवर ठेवला, तो बरोबर ठिकाणी पडला.

सहा वाजता बाई गेट लावायला आल्या. डोकं लख्ख होतं, पोटात फक्त पाणी, ब्रेड आणि थालीपीठ. तरी मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, मग किल्ली घेतली. उन्हं अजून होती. रॅम्पपाशी आलो तेव्हा ट्रकांची रांगच्या रांग चालली होती आणि मी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं.

"भीती वाटत असेल तर डोळे मिटून घ्या," मी म्हटलं.

हे सरळ समोर, रस्त्याकडे बघत होते. हात मांडीवर होते.

"मिटले तर तू दिसायची नाहीस," म्हणाले.

मी आरशात बघितलं, मान वळवून बघितलं आणि गाडी आत घातली.