काठापुरता डिंक

डिंकबाईंनी नमस्कार केला, की जोडलेले हात सुटताना चट् असा बारीक आवाज यायचा. बोटांना कायम डिंक. त्यांच्या तासानंतर हजेरीपुस्तक माझ्याकडे आलं, की त्याची दोन पानं एकमेकांना धरून बसलेली असत आणि निम्मा वर्ग बिनबोभाट गायब होई. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. मुली, पालक, पोस्टमन, भाजीवाली, सगळ्यांना त्या डिंकबाई म्हणूनच ठाऊक. त्यांच्याही कानावर ते गेलं होतं. "बरंच हाय की," म्हणायच्या, "निदान कामावरनं नाव पडलं. तोंडावरनं पडलं असतं तर?"

लातूरच्या मुलींच्या शाळेत त्या हस्तकला शिकवायच्या आणि मी भूगोल. राहायलाही आम्ही एकाच अंगणातल्या शेजारच्या खोल्यांमध्ये होतो. मूळच्या त्या बिलोलीच्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारायची कोणाची छाती नव्हती. शाळा सुटली की ओसरीवर बसून भेटकार्डं करायच्या. चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद, त्यावर फाटक्या शालूचा जरीकाठ, जुन्या लग्नपत्रिकेवरचा कलश, कुणाच्या शेरवानीचं बटण, शिक्का बसलेलं पोस्टाचं तिकीट. कालच केलेलं कार्डही आजीच्या पेटीतून आज निघाल्यासारखं वाटायचं. कागद रंगवायला चहा हवा, म्हणून शिक्षकखोलीतल्या सगळ्यांच्या कपातला उरलेला चहा त्या एका पेल्यात जमा करत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तो पेला आपलाच समजून तोंडाला लावला. शेरा मात्र चांगला लिहून गेले.

कार्ड कोणाला द्यायचं, याला त्यांच्याकडे काही धरबंद नव्हता. बुद्धपौर्णिमेला, ईदला, दिवाळीला तर झालंच. पण शेजारची म्हैस व्याली तरी कार्ड, आणि परीक्षेत नापास झालेल्या मुलीला तर सगळ्यांत सुंदर कार्ड. मी एकदा म्हटलं, "बाई, नापास होण्याचं कौतुक करता की काय?" तर म्हणाल्या, "पास झालेलीला सगळे पेढे देतेत गं. हिच्याकडं आज कोण जाणार हाय?" एका मुलीने बीजगणित जमत असूनही गणितात गटांगळी खाल्ली, ती या कार्डासाठीच, असा माझा आजही संशय आहे.

प्रत्येक कार्डाच्या पाठीमागे त्या पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहीत, जरीकाठ कोणाचा, बटण कुठलं, कागद कोणाच्या घरचा. "तुकड्यालाबी माहेर असतंय," हे त्यांचं म्हणणं. "कुठं दिलं ते आपल्याला ठावं पाहिजे."

त्यांच्या हाताला डिंक लागला तो बहात्तरच्या दुष्काळात. त्याआधी हस्तकलेच्या तासाला पिठाची खळ असायची. मी शाळेत नवीनच लागले होते. घरोघरी रेशनची लाल मिलो ज्वारी आणि शाळेत सुकडी, असे दिवस. मुली तासाला वाटीत पीठ घेऊन आल्या, आणि बाईंनी त्या वाट्या झाकून परत घरी पाठवल्या. "खायचं पीठ मी कागदाला फासणार न्हाई," एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून मुली येता-येता बाभळीचा डिंक खरवडून आणू लागल्या. तो भिजवायला पाणीही मोजकंच, म्हणून बाईंनी नियम घातला, डिंक फक्त काठाला. मधे बोटसुद्धा लावायचं नाही. पुढे पाऊसपाणी झालं, पीठ आलं, पण नियम राहिला. कोणी भसाभसा डिंक थापला, की त्या हात धरत. "चिकटवताना सोडवायचा इचार करावा बाई. उद्या कुणाला माघारी लागलं तर?"

मला हे जरा अतीच वाटायचं. भेटकार्डावरचा तुकडा माघारी कोण मागणार?

दुसऱ्यांचं घरदार कात्रीखाली घालणाऱ्या या बाईंनी स्वतःची एक वस्तू मात्र कधी कापली नाही. त्यांच्या वडिलांची वही. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर वस्तीतल्या प्रौढवर्गात वडील चाळिशीत अक्षरं शिकले होते. घर, पाणी, शाळा, माय, अशा शब्दांच्या ओळीच्या ओळी, काही वर चढलेल्या, काही खाली घसरलेल्या. कागद असा पिवळा पडलेला, की चहाची गरजच नाही. मी एकदा सहज म्हटलं, यातलं एक पान कार्डावर काय दिसेल. बाईंनी वही कापडात गुंडाळली आणि दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलल्या.

मग उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात जिकडेतिकडे पाट्या रंगत होत्या, कचेरीच्या दारावरचा रंग ओला आणि आत खुर्च्यांपेक्षा साहेब जास्त. अशा दिवसांत माझे वडील, अण्णा, निलंग्याकडच्या आमच्या खेड्यातून माझ्या दारात येऊन उभे राहिले. पाणीही न पिता म्हणाले, "शालू, माळ्यावरचा उर्दू कागदांचा गठ्ठा तू आणलाव का?"

आणला होता. दिवाळीच्या साफसफाईत आई तो पाणी तापवायच्या बंबात घालायला निघाली होती. आजोबांनंतर घरात उर्दू कोणालाच वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, त्यापेक्षा बाईंना देते, आणि शहाणपणा केल्याच्या थाटात घेऊन आले. त्यातला एक जाड, देशी कागद, तपकिरी शाईचा, गोल शिक्क्याचा, पाहून बाई हरखल्या होत्या. तोच अण्णांना हवा होता. आमची विहीर दोन घरांत अर्धी-अर्धी. चुलते होते तोवर कागदाची गरज पडली नाही. दुष्काळातही त्यांनी पाण्याची पाळी मोडली नव्हती. ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी अख्खी विहीर आमचीच म्हणून मोटारीला कुलूप लावलं. कचेरीत म्हणाले, उस्मानाबादहून दप्तरं गोण्यांतून येत आहेत, नोंदीचा नंबर सांगा, तरच शोधता येईल. नंबर त्या कागदावर. विहीर गेली तर आमचं रान कोरडं, इतका सरळ हिशेब होता.

मी बाईंच्या खोलीत गेले आणि रडायलाच लागले. त्यांनी सगळं ऐकलं, कात्री खाली ठेवली आणि अण्णांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "कागद मी कापलाय. चार तुकडे केले. चूक माझी हाय."

 अण्णा म्हणाले, "तुमच्याकडं आला म्हणून चार तुकडे तरी हायेत. घरी ऱ्हायला असता तर राख झाली असती." आईचं नाव त्यांनी शहाणपणाने घेतलं नाही.

"पहिला तुकडा आपल्या चाचांकडं," बाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "दुसरा नांदेडला मोठ्या बाईंकडं. तिसरा उदगीरच्या अक्कांकडं. चौथा तुझ्याकडंच हाय."

माझ्याकडे! माझ्या वाढदिवसाचं कार्ड ट्रंकेत जरीच्या साडीखाली जपून ठेवलेलं होतं. काढून पाहिलं, तर मधोमध गोल शिक्का, आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं, 'कागद शालूच्या आजोबांचा'. ते मी दहा वेळा कौतुकाने वाचलं होतं.

चाचा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. त्यांनी आपलं कार्ड आणून दिलं आणि शांतपणे म्हणाले, "यात विहिरीचं लिवलंय, ते मी तवाच वाचलो होतो."

"मग बोलला का न्हाईत?" बाईंनी विचारलं.

"बाई, तुमी नक्षी म्हणून दिलाव. नक्षीत मी कशाला चुका काढू?"

मी कपाळावर हात मारला. बाई मात्र इतक्या हसल्या, की अण्णाही हसायला लागले.

रविवारी आम्ही एसटीने नांदेड गाठलं. जुन्या मोठ्या बाई निवृत्त होऊन तिथे राहत. त्यांनी कार्ड दिलं, पण चेहरा असा केला, की आम्ही जप्तीच आणली आहे. उदगीरला तर अक्का ऐकेचनात. त्यांचं कापडाचं दुकान. बाईंचं कार्ड चौकटीत घालून त्यांनी गादीच्या वर, बसवण्णांच्या तसबिरीशेजारी लावलेलं. "हे लागल्यापासून दुकान चांगलं चाललंय," अक्का म्हणाल्या. "आता मधे भोक पाडून दिलाव तर मी तिथं काय बघू?"

 बाईंनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली वही काढली. ती त्यांनी बरोबर आणली आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी तिथेच, गादीच्या कडेला बसून, वडिलांच्या अक्षरांचं एक पान कात्रीने कापलं. कापून झाल्यावर कात्री मिटायला त्यांना वेळ लागला. 'घर, घर, घर' अशी वर चढत गेलेली ओळ होती. "हे घाला," त्या म्हणाल्या. "हे त्याच्यापेक्षा जुनं हाय माझ्यासाठी." अक्कांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि मग चहा सोडून जेवायलाच बसवलं.

परतीच्या गाडीत मी म्हणाले, "बाई, माझ्यापायी वही कापलीत."

"वही कापली, अक्षर कुठं कापलं?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. थोड्या वेळाने पदराने नाक पुसलं. मी दिसलं नाही असं दाखवलं.

घरी आल्यावर त्यांनी ओल्या फडक्याच्या पट्ट्या तुकड्यांच्या काठांवर ठेवल्या. मला शंभर मोजायला लावलं. मग नुसत्या नखाने एकेक तुकडा उचलला. कुठे फाटलं नाही, शाई पसरली नाही. खळ असती तर एव्हाना कसरीने निम्मी विहीर खाल्ली असती. मलमलीच्या फडक्यावर चारही तुकडे जुळले, आणि चाचांनी ओट्यावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. विहीर, अर्धा वाटा, दिवसाआड पाळी, आजोबांचं नाव. नंबर शिक्क्याखाली, म्हणजे माझ्याच तुकड्यावर होता.

कचेरीतल्या कारकुनाने तो मलमलीवरचा कागद पाहून विचारलं, "हे काय, शुभेच्छा द्यायला आलाव का?" पण नंबर उतरवून घेतला. गोण्या सुटायला महिना गेला, आणि एका गोणीत तशीच्या तशी नोंद निघाली. चुलतभावांनी कुलूप काढलं. अण्णांनी पहिल्या पाळीच्या पाण्यावर आलेली मेथी बाईंसाठी पाठवली. बाईंनी अण्णांना त्याबद्दल कार्ड पाठवलं, आणि त्यावर नवाकोरा कागद लावला. मागे लिहिलं होतं, 'दुकानातून विकत आणला, चौकशी करून'.

माझ्या कार्डातली रिकामी जागाही त्यांनी भरून दिली. वडिलांच्या वहीतली 'पाणी, पाणी, पाणी' ही ओळ, शेवटचं पाणी पार काठाशी घसरलेलं.

पुढे बाई निवृत्त होऊन भावाकडे बिलोलीला गेल्या. निघताना नमस्कार केला तेव्हाही हात सुटताना चट् वाजलं. दर वर्षी कार्ड यायचं, पेन्सिलीचं अक्षर दर वर्षी थोडं मोठं होत गेलं, आणि एका वर्षी त्याऐवजी त्यांच्या भाच्याचं पत्र आलं. ते मी शाळेच्या पायरीवर बसून वाचलं. चाचा शेजारी येऊन बसले.

गेल्या पावसाळ्यात ट्रंकेत ओल गेली. कार्ड काढून पाहिलं, तर बाईंच्या वडिलांच्या ओळीचा एक कोपरा सुटून वर आला होता. मी बाभळीचा डिंक मिळवला, भिजवला आणि बसले. आयुष्यभर ऐकलेला नियम मला पाठ होता. तरी मी काठाला लावला, मग मधे लावला, बोटाने सगळीकडे पसरला आणि वरून दोन्ही तळहातांनी दाबून धरला. बाई असत्या तर माझा हात धरला असता. पण हा तुकडा मला कोणालाच माघारी द्यायचा नाही.