मुलीकडच्यांनी फोन आधी ठेवायचा नसतो

माझं लग्न मोबाईलच्या अपडेटमुळे मोडलं, असं आमच्याकडे सांगतात. बाबा तर कुणी विचारलं नाही तरी सांगतात. "त्यांच्या फोनमध्ये ते अपडेट आलं, फोन बिघडला, त्यातून गैरसमज झाला आणि हातातलं स्थळ गेलं," एवढं बोलून ते सुस्कारा टाकतात. समोरचा माणूसही मान हलवतो, कारण अपडेटने ज्याचं काहीच बिघडलेलं नाही असा माणूस नाशकात आता शोधूनही सापडायचा नाही. मी तिथेच बसलेली असते. मला कुणी काही विचारत नाही.

मी एका मोबाईल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर बसते. मोठं अपडेट आलं की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. कुणाचा फोन तव्यासारखा तापतो, कुणाची बॅटरी दुपारचं जेवण होईपर्यंतही टिकत नाही, कुणाच्या स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आलेली असते. एक बाई म्हणाल्या, मी आत्ता टाइप केलेलं अक्षर मी भाजी निवडून झाल्यावर उमटतं. या सगळ्यांना आम्ही एकच उत्तर द्यायचं असतं: "अपडेटचा याच्याशी काही संबंध नाही, फोन जुना झालाय." संबंध असतो हे मला माहीत असतं, त्यांनाही माहीत असतं. पगार मला या खोट्याचा मिळतो, आणि ते मी गोड आवाजात बोलते.

एका अपडेटच्या वेळी एका चांगल्या कपड्यांतल्या गृहस्थांनी फोन माझ्या अंगावर फेकला. "तुझ्या बापाने केलं का अपडेट?" असं त्यांनी विचारलं. फोन गळ्याखाली लागला. टोकन घेऊन बसलेल्या माणसांपैकी एकही उठला नाही. मागून फक्त एक आवाज आला, "ताई, तुमचं भांडण नंतर करा, आमचा नंबर घ्या." मी म्हणाले, "सर, तुमची गैरसोय मी समजू शकते," आणि मागच्या स्टोअरमध्ये जाऊन खोक्यांच्या आड उभी राहून रडले. मला रडताना उचक्या लागतात. लहानपणापासून आहे ते. रडायला लागले की एक शब्द सरळ निघत नाही.

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही. सांगितली ती फक्त ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं त्याला.

तो निफाडचा. सिन्नरला एका कारखान्यात सुपरवायझर होता. साखरपुडा झाला होता आणि हॉल मिळेल त्याप्रमाणे तारीख धरायची होती. मला तो मनापासून आवडला होता. तिशी उलटलेल्या मुलीला जो तो काहीतरी शिकवत असतो, हा मात्र फोन खिशात ठेवून गप्प ऐकायचा. त्याला मी सगळं सांगितलं, फोन कुठे लागला तेही, उचक्यांचंही. तो म्हणाला, "असल्या माणसांसाठी तू रडायचं नाहीस." त्या दिवशी मी घरी गेले ती हवेतच. इतक्या वर्षांत आपल्या बाजूने बोलणारं कुणीतरी मिळालं, असं मला वाटलं.

त्याच्या आईला मी काकू म्हणायचे. माझी नोकरी कसली ते कळल्यापासून काकूंनी मला घरचा मेकॅनिकच करून टाकलं होतं. त्यांचे फोन, त्यांच्या जावांचे फोन, शेजारच्यांचे फोन. "आता घरचीच झाली ना तू," असं म्हणायचं आणि पिशवीतून एकेक फोन बाहेर काढायचा. त्यांच्या मोबाईलवर नव्या अपडेटची सूचना आली तेव्हाही त्यांनी मलाच विचारलं. मी म्हणाले, "काकू, थोडे दिवस थांबा. पहिल्या झटक्याला त्यात बग असतात."

"बग म्हंजे?"

"खोट. काहीतरी चुकलेलं असतं. पुढच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त करतात."

"ज्या कंपनीचं मीठ खाती, तिचीच खोट सांगती व्हय गं?" त्या म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी अपडेट करून टाकलं.

व्हायचं तेच झालं. फोन कानाला लावला की स्क्रीन आपोआप काळी होते, गाल लागून भलतंच बटण दाबलं जाऊ नये म्हणून. कानापासून दूर नेला की ती परत उजळायला हवी. त्या अपडेटनंतर ती उजळेचना. कॉल ठेवायचं लाल बटण दिसतच नाही, तर दाबणार काय? समोरच्याने ठेवला तर कॉल संपायचा, नाहीतर बाजूचं बटण दाबून धरून फोनच बंद करेपर्यंत चालूच राहायचा. काकूंना वाटायचं, स्क्रीन काळी झाली म्हणजे फोन बंद झाला. त्या आपल्या तो पालथा घालून कामाला लागायच्या.

आणि आमच्या घरी बाबांचा एक दंडक होता. मुलाकडच्यांचा फोन मुलीकडच्यांनी आधी ठेवायचा नाही. "ठेवते मग," "हो हो, ठेवा," "बरं, ठेवते हं," "हो, ठेवा ठेवा," असं चालायचं, आणि मग पलीकडून कट होईपर्यंत बाबा फोन हातात धरून बसायचे. आपण आधी ठेवला तर त्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. आत्याच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी असंच केलं होतं म्हणे. त्या वेळी फोन शेजाऱ्यांचा होता, पण रीत तीच. थोडक्यात, एकीकडे फोन ठेवता येत नव्हता आणि दुसरीकडे तो ठेवायचा नव्हता.

त्या रविवारी दुपारी तारखेचं बोलणं झालं. बोलणी सगळ्यांच्या कानावर पडावीत म्हणून बाबांनी फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला होता. आई माझ्या शेजारी बसली होती. हॉल निफाडलाच घ्यायचा, बाबा म्हणाले हो. जेवणात दोन गोड पदार्थ, बाबा म्हणाले हो. मग "ठेवते," "ठेवा," "ठेवते हं," "ठेवा ठेवा" झालं आणि आम्ही तिघं कट होण्याची वाट बघत बसलो.

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग काकूंचा आवाज आला, लांबून, पण अगदी स्पष्ट.

"झालं बाई एकदाचं. त्या मानसाला हो सोडून काय बोलताच येत नाय. उद्या म्हनलं मांडवाबाहेर उन्हात उभं ऱ्हा, तं ऱ्हाईल."

कुणीतरी बाई हसली. मी बाबांकडे बघितलं. ते फोनकडे बघत होते.

"अन् पोरगी बी काय! फोटोत लय चांगली दिसली. समोर पाह्यली तं गळा निस्ता हाडंच हाडं. वय झालंय ना, आता काय भरनार ती."

"असू दे ना आई," हा त्याचा आवाज होता. मी नकळत पुढे वाकले. आता तो बोलेल, आता तो त्यांना गप्प करेल, अशी मला खात्रीच होती. ती खात्री आठवली की अजून माझे कान तापतात. "मोबाईल तर फुकटात नीट होतील! आणि रडते कशी, ऐकायचंय का?"

मग त्याने माझी नक्कल करून दाखवली. "स-स-सर, तु-तुमची गै-गै-गैरसोय…" प्रत्येक उचकी जागच्या जागी होती. फोन कुठे लागला तेही त्याने सांगितलं, म्हणजे बहुतेक गळ्यावर हात ठेवून दाखवलं असणार, कारण तिथे सगळ्या बायका एकदम हसल्या. काकू खोकेपर्यंत हसल्या. "परत कर, परत कर," कुणीतरी म्हणालं. त्याने परत केलं.

लाल बटण बाबांच्या समोर होतं. हात पुढे केला असता तर झालं असतं. त्यांनी केला नाही. मीही केला नाही. आम्ही तिघांनी माझी नक्कल दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकली.

"ए, ह्यो चालूच हाय का काय? आतून घरघर ऐकू येऊ राह्यली बघ," असं पलीकडे कुणीतरी ओरडलं. खुडबुड झाली आणि कट झाला. त्यांच्याकडूनच झाला.

"चहा टाकते," आई म्हणाली, पण उठली नाही.

"मी हे लग्न करणार नाही," मी म्हणाले.

बाबांनी स्क्रीन शर्टाला पुसली आणि फोन खिशात ठेवला. "फोन बिघडलाय त्यांचा," ते म्हणाले. "माणसं नाही बिघडलेली."

"बाबा, तुम्ही ऐकलंत ना?"

"काय ऐकलं? मी काही ऐकलं नाही." मग ते आईकडे वळले. "तू ऐकलंस काही?"

"मी स्वयंपाकघरात होते," आई म्हणाली. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता.

मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मला दोघांची किळस आली, आणि आपल्याच आईबापांची किळस येते याने आणखी घाण वाटलं. पुढचं सगळं जेवणापर्यंत नेहमीसारखं झालं. बाबांनी दूध तापवायची आठवण केली, आईने उद्याच्या डब्याचं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो सर्व्हिस सेंटरवर आला. इस्त्रीचा शर्ट होता, टोकन घेऊन शिस्तीत बसला होता. नंबर आल्यावर त्याने काकूंचा फोन काउंटरवर ठेवला.

"आईचा फोन कट होत नाहीये," तो म्हणाला. आवाजात लोणी होतं.

"कधीपासून, सर?"

सर म्हटल्यावर तो जरा हसला. त्याला ती गंमत वाटली. मग पुढे झुकून म्हणाला, "काल तुमच्याकडे किती वेळ चालू राहिला होता गं?"

"का?"

"सहज. बिल वाढायचं उगाच." महिनाभर बोला, वाटेल तेवढं बोला, असं रिचार्ज त्या फोनवर मीच टाकून दिलं होतं.

मी फोन माझ्याकडे ओढला. असा फोन आला की आम्ही आधी कॉल लावून बघतो, खरंच कट होतो की नाही ते. तसं मी त्याला सांगितलं. "कुणालाही लाव," तो म्हणाला. सगळ्यांत वर बाबांचाच नंबर होता. तो मी दाबला, स्पीकर सुरू केला आणि कान ओळखणाऱ्या सेन्सरवर बोट ठेवलं. स्क्रीन काळी झाली. बोट काढलं, तरी काळीच.

"नमस्कार, नमस्कार विहीणबाई!" बाबांचा आवाज आला. मी गप्प राहिले. तोही गप्प राहिला, त्याला ऐकायचं होतं. समोरून कुणी बोलेना तेव्हा बाबा घाबरले असावेत. ते आपणहून सुरू झाले.

"कालचं मनात आणू नका हं अजिबात. आम्ही तर लगेच ठेवला होता. काही म्हणजे काही ऐकलं नाही." ते थांबले. "आणि खरं सांगू का, ती आहेच तशी. लहानपणापासून रडूबाई. तोंड उघडलं की उचकी! आम्ही घरात तिची नक्कल करायचो. बा-बा-बाबा, म-मला मा-मारलं…"

आणि ते हसले. जरा वेळ थांबून परत हसले, ऐकणाऱ्यांनीही हसावं म्हणून. त्यांची नक्कल त्याच्यापेक्षा चांगली होती. त्याने माझ्या उचक्या माझ्याच तोंडून ऐकल्या होत्या, बाबांनी मला वाढवताना ऐकल्या होत्या.

तो सैलावला. खुर्चीला टेकला. "बघ," तो हळूच मला म्हणाला, "काका किती समजूतदार आहेत."

मी फोनवर वाकले. "बाबा, मी बोलतेय," मी म्हणाले. एकही उचकी लागली नाही. "मी सर्व्हिस सेंटरवरून बोलतेय. मी सगळं ऐकलंय. हे लग्न मी मोडतेय."

पलीकडे श्वास ऐकू आला. मग बाबा म्हणाले, "हॅलो?"

"बाबा, मी लग्न मोडतेय."

"हॅलो? विहीणबाई? आवाज तुटतोय तुमचा."

"बाबा!" मी ओरडले. टोकनवाले सगळे मान वळवून बघायला लागले. "मी ह्याच्याशी लग्न करणार नाही. ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"हॅलो, हॅलो… काहीच ऐकू येत नाहीये बघा. रेंज गेली वाटतं."

त्याने काउंटरवरून हात पुढे करून फोन उचलला आणि तोंडाशी धरला. "काका, मी बोलतोय," तो म्हणाला.

"हां, बोला बोला, जावईबापू," बाबा म्हणाले. "आता कसा अगदी स्वच्छ आवाज आला!"