आतड्यात घातलेला हात

वहिनींनी माझ्या हातातलं मोदकांचं ताट काढून घेतलं. ओढून नाही. हसत हसत, दोन बोटांनी कड धरून.

“राहू दे गं. तू दिवसभर मेलेल्या माणसांच्या आतड्यात हात घालतेस. लोकांना खायचंय इथे.”

सोफ्यावरच्या बायका फिस्कन हसल्या. एक म्हणाली, “ईऽ, खाताना तरी नको!”

जर्मनीतल्या कोलोनमधलं घर. दीड दिवसाचा गणपती. दादा-वहिनी नात्यातले नाहीत, घरमालक. दादा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, वहिनी घर सांभाळणाऱ्या. त्यांच्याच वरच्या मजल्यावर एका खोलीत मी भाड्यानं राहायचे. हे देव आमचे नाहीत. आम्ही बौद्ध, ते त्यांनाही ठाऊक. पण घरात माणसं येणार म्हणून मी सकाळपासून खाली राबत होते. भांडी घासली. नारळ खवला. तो नारळ त्याच मोदकांत होता. खवताना कुणाला माझ्या हातांचा वास आला नाही. चार लोक बघायला लागले, तेव्हा आला.

माझं काम सांगते. इथल्या विद्यापीठात मी डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना लहान आतडं शिकवते. देहदान केलेल्यांची शरीरं आमच्या टेबलावर असतात. लोकांना वाटतं, आतडं पोटात कोंबलेलं असतं. नसतं. ते एका पातळ पडद्याला टांगलेलं असतं. आतडं कित्येक हात लांब, आणि तो पडदा पाठीला धरून असतो जेमतेम वीतभर. वीतभर मुळावर सगळा पसारा. हे पहिल्यांदा स्वतःच्या हातानं सोडवून पाहिलं, त्या दिवशी मी जेवण विसरले होते.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पण आतडं मी त्याआधी पाहिलं होतं. आई वजडी धुवायची. काडीवर आतडं उलटं करायची, मीठ चोळायची. आतली बाजू मखमलीसारखी. आठवीत मास्तरांनी फळ्यावर आतड्याची आकृती काढली आणि खडू माझ्यावर रोखला. “हिला विचारा. यांच्या घरी रोज उलगडतात.” वर्ग खिदळला. मी मान खाली घातली. पुढे मायक्रोस्कोपखाली तीच मखमल बघितली. बारीक बारीक बोटं, दाटीनं उभी. मास्तरांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त आमची गल्ली माहीत होती.

गणपतीच्या आधी, उन्हाळी सत्र संपताना, आमच्याकडे दरवर्षी होते तशी सभा झाली. ज्यांनी देह दिले, त्यांच्या नातेवाइकांना बोलावतात. पोरं मेणबत्त्या लावतात, आभार मानतात. एक म्हातारी माझ्याकडे आली. तिचा नवरा आमच्या टेबलावर होता. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. हे हात कुठे कुठे गेलेत ते तिला ठाऊक होतं. म्हणून तर धरले.

जर्मन माणसं देव नाहीत. आमचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, मला बघितलं की कचरा कुठल्या डब्यात टाकायचा ते शिकवायला लागतो. पण त्या म्हातारीनं ताट काढून घेतलं नसतं.

तर मी रिकाम्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात उभी. तेवढ्यात डॉक्टरकाका आले. इथलेच मराठी सर्जन. इस्पितळातून थेट. वहिनी पुढे धावल्या.

“अहो डॉक्टर, या या! प्रसाद तुमच्याच हातानं वाटायचा हं.”

तेच ताट. त्यांच्या हातात.

मी विचारलं, “काका, आज ऑपरेशन होतं?”

“हो ना. सडलेलं आतडं काढलं एकाचं. सकाळ त्यातच गेली.”

कुणी ईऽ म्हणालं नाही.

“वहिनी,” मी म्हणाले, “यांचा हात कसा चालतो?”

“अगं, ते वेगळं. डॉक्टर आहेत ते.”

“मी डॉक्टरांनाच शिकवते. वेगळं काय, ते सांगा.”

काकांनी ताटात बघितलं. शिकलेला माणूस, पण त्या वेळी त्यांना मोदकाच्या कळ्या मोजायच्या होत्या.

नैवेद्याचा मोदक संपवून दादा उठले. “हे बघ, सणाच्या दिवशी हे विषय नकोत. आडनाव कळल्यावरही आम्ही तुला खोली दिली. बाकी कुणी दिली असती का, विचार कर.”

घ्या. आतडं बाजूला राहिलं. मेलेली माणसंही बाजूला राहिली. मूळ निघालं, वीतभर.

या शहरात खोली मिळणं किती कठीण, ते मला माहीत होतं. तोंड उघडलं तर वरची खोली जाणार, हेही माहीत होतं. आठवीतली मान पुन्हा खाली घातली असती तर खोली राहिली असती.

“दादा,” मी म्हणाले, “तुम्ही आत्ता जो मोदक खाल्लात, तो जठरात आंबट लगदा होतोय. मग लहान आतड्यात उतरेल. तिथे त्यात पित्त मिसळेल. हिरवं-पिवळं, कडू. हे सगळं तुमच्या रेशमी कुर्त्याच्या आत चाललंय, देवासमोर. मी आजवर इतकी आतडी सोडवली, त्यात सोवळं कुठे असतं ते मला दिसलेलं नाही. तुमचं कुठे आहे, दाखवा.”

“शी! काय बोलते ही!” कुणीतरी म्हणालं.

मी काकांच्या हातातल्या ताटातला एक मोदक उचलला. नारळ मी खवला होता. उभ्यानं खाल्ला, बोटं चाटली आणि वर गेले.

दुसऱ्या दिवशी दादांनी जिन्यातच सांगितलं, दुसरं काही बघ. मी म्हणाले, बघतेच आहे.

आता घर दाखवायला कुणी आपल्याकडचा माणूस येतो. गोड बोलतो. आडनाव विचारतो, काम विचारतो. मी दोन्ही सांगते. पूर्ण, मोठ्यानं. आणि हात पुढे करते. हा हात मागे येणार नाही. किळस ज्याला येईल, त्यानं आपलं ताट उचलावं.