नदीत अडकलेल्या गाड्या

नत्थुजी तहसिलीचा हरकारा होता. एका तहसिलीची थैली दुसरीत पोचवायची आणि पोच घेऊन परतायचे, हेच काम तो अकरा वर्षे करत होता. मधे नदी. अलीकडे अकोल्याचा अंमल, पलीकडे उमरावतीचा. त्याला वाचता येत नसे, पण दवंडी पिटली जाई तेव्हा तो बहुधा तिथेच उभा असे. त्यामुळे आपण काय वाहून आणले ते त्याला कळे.

अमेरिकेत लढाई चालू असल्याने वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे ती मागणी होती. चैत्रात खामगावच्या बाजाराकडे गाड्यांची रांग तुटत नसे. त्या साली गाड्यांबरोबर मरी आली. सकाळी उलट्या-जुलाब सुरू झाले की संध्याकाळी माणूस गार.

सोमवारी अलीकडचे तहसीलदार वामनराव यांनी हुकूम काढला, की पलीकडची एकही गाडी नदी ओलांडून येऊ नये. नत्थुजीने तो नदीवरच्या चौकीत पोचवला. मंगळवारी पलीकडच्या तहसिलीने त्याच्याच हाती दुसरा हुकूम काठच्या गावांना धाडला. निघालेल्या गाड्यांनी माघारी येऊ नये.

बुधवारी दुपारी पलीकडे पोचवायची थैली घेऊन तो नदीवर आला, तर पात्रात दीडशे गाड्या उभ्या. पुढे शिपाई, मागेही शिपाई. पाण्याचा एकच डोह उरला होता. त्यात बैल बसलेले आणि माणसे तेच पाणी पीत होती. वाळूवर तीन चिता धुमसत होत्या. एका गाडीखाली त्याचा धाकटा भाऊ, गाडीवान भगवंत, पडला होता. डोळे खोल गेलेले.

"दादा, इकडून जाऊ देत नाईत, तिकडून येऊ देत नाईत," तो म्हणाला. "आमी जावं कुठी?"

काठावर मनकर्णाचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता आणि त्यात बांधीव विहीर. ती विधवा बाई हातात काठी घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसली होती.

"एक घागर दे, मनकर्णाबाई. भाऊ हाये माहा."

"तुले देईन. मंग बाकीचे येतीन. त्याहिचे भांडे माह्या विहिरीत बुडले त आमचं गाव मरन. कोनाले द्याव, कोनाले नाई, हे सरकारनं सांगावं. मी एकटी काय करू?"

तरी तिने घागर भरून दुरूनच खाली ठेवली. नत्थुजीने भावाला पाणी पाजले. मग थैली खांद्यावर टाकून तो पुढे गेला नाही, आला त्याच वाटेने परत फिरला. चार कोस उन्हात पळत वामनरावांची कचेरी गाठली.

"थैली न पोचवता आलास?" वामनरावांनी विचारले.

"हो साहेब. पलीकडच्या तहसिलीनं दवंडी देली, माघारी येऊ नोका. आपली दवंडी हाये, पुढं येऊ नोका. मानसं नदीत अडकून मरून राहिली."

पलीकडच्या हुकमाची वामनरावांना खबरच नव्हती.

"तिथं तुझं कोणी आहे?"

"भाऊ."

"म्हणजे भावासाठी आलास."

"भावासाठीच आलो. पन तिथं तीनशे मानसं हायेत."

टपाल अर्ध्यातून फिरवणे हा गुन्हाच होता. वामनरावांनी त्याचा पितळी बिल्ला काढून घेतला. मग स्वतःच्या हाताने पलीकडच्या तहसीलदारांना चिठ्ठी लिहिली: उद्या सकाळी आपण दोघांनी पात्रातच भेटावे. ती चिठ्ठी त्यांनी नत्थुजीच्याच हाती दिली, कारण पलीकडच्या कचेरीची वाट जाणणारा दुसरा माणूस नव्हता.

पलीकडच्या शिपायाने त्याच्या छातीला काठी लावली. "बिल्ला कुठी हाये?"

"घासाले देला," नत्थुजी म्हणाला. आयुष्यात तो खोटे फार बोलला नव्हता. शिपायाने काठी खाली घेतली आणि तो बाजूला झाला.

सकाळी दोन्ही तहसीलदार वाळूत उभे राहिले. तासभर चढ्या आवाजात बोलणे झाले, पण ठरले. गाड्यांनी अलीकडच्या माळावर आंब्यांखाली उतरायचे. धान्य आणि वैरण पलीकडच्या तहसिलीने पुरवायची. डॉक्टर अकोल्याहून मागवायचा. डोहावर पहारा बसवायचा आणि पाणी मनकर्णाच्या विहिरीचे घ्यायचे.

"दोर माहा, बादली माही," ती दोघांसमोर म्हणाली. "दुसऱ्या कोनाचं भांडं आत जानार नाई." दोघांनी मान्य केले. पुढचे दहा दिवस ती आणि तिची सून आळीपाळीने पाणी शेंदत राहिल्या. दोघींच्या तळहातांची सालटी निघाली.

पाचव्या दिवसापासून नवा आजारी नव्हता. अकराव्या दिवशी गाड्या सुटल्या. एकंदर एकोणीस माणसे गेली. भगवंत त्यांतच होता. तहसीलदार वाळूत बोलत होते तेव्हाच तो गेला.

नत्थुजीची चौकशी झाली आणि बिल्ला दोन महिन्यांनी परत मिळाला. तेव्हापासून रस्त्याविषयीचा कोणताही हुकूम आधी समोरच्या तहसिलीत जाई आणि तिथली सही होऊन आल्यावरच दवंडी पिटली जाई. नत्थुजीच्या खेपा दुप्पट झाल्या. त्याने तक्रार केली नाही.

लोक त्याची तारीफ करत, तेव्हा तो ऐकून घेई. बायकोला मात्र एकदा म्हणाला, "दुसरी दवंडी मंगळवारीच ऐकली होती म्या. मनात आलंच होतं, आता गाड्या कुठी जातीन. तरी बुधवारपावतर थैलीच वाहून राहिलो."