गाडी सुटेपर्यंत बंद करू नये

घोटावड्याच्या अलीकडे रबराचे भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याचा डेटाबेस मी सांभाळते. एरवी निम्मं काम भूगावातल्या फ्लॅटमध्ये बसून होतं, पण त्या दिवसांत रोज तिकडे जावं लागत होतं. नवा सर्व्हर बसवून पंधरा दिवस झाले होते आणि दिवसातून दोन-तीनदा सगळं ठप्प होत होतं. स्टोअर, पॅकिंग, गेट, जिथे बघावं तिथे पडद्यावर एकच ओळ: ही नोंद दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे. जुना सर्व्हर एका प्रोसेसरचा, रडतखडत चालणारा, पण असा कधी अडला नव्हता. नव्याला मोजून सोळा प्रोसेसर, आणि हा भर दुपारी मान टाकणार! नवा घ्या म्हणून मीच सगळ्यांच्या मागे लागले होते, त्यामुळे माझं डोकं फिरलेलंच होतं.

गुरुवारी सकाळी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांच्या मते चोर सापडला होता. अडकलेल्या नोंदींची जी यादी मी त्यांना रोज पाठवत होते, तिच्यात दर वेळी सगळ्यात वर एकच लॉगिन होतं, गेटवरच्या वहिनींचं. बाई स्क्रीन उघडी टाकून गप्पा मारायला जातात, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तीन वाजता ठेकेदाराचा माणूस कंत्राटी लोकांची नवी यादी न्यायला येणार होता. तोवर दुसरं काही कारण निघालं नाही, तर वहिनींचं नाव त्यातून काढणार, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

वहिनी शेजारच्याच भरे गावच्या. सगळा कारखाना त्यांना वहिनीच म्हणतो. कारखान्याची मागची शेड उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांची भातखाचरं होती. जमीन देणाऱ्या घरातल्या एकाला कायमची नोकरी, असं तेव्हा बोलणं झालं होतं. नुसतं बोलणं, कागदावर काहीच नाही. ती एक नोकरी वहिनींना मिळाली, तीही ठेकेदारामार्फत, आणि आता जमीन तर परत येणार नव्हती.

एवढं सगळं ठाऊक असूनही मला त्यांचा रागच आला होता, खोटं कशाला सांगू? पंधरा दिवस मी शिव्या खात होते.

साडेबाराला पुन्हा सगळं अडलं. या वेळी मी यादी साहेबांना पाठवली नाही, आधी स्वतः नीट वाचली. स्टॉकचा हिशोब जुळवणारं काम पूर्वी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, एका दमात चालायचं. नव्या सर्व्हरवर मी ते दिवसा लावलं होतं, आणि प्रोसेसर भरपूर म्हणून त्याचे आठ तुकडे करून. त्यातला एक तुकडा वहिनींनी उघडलेल्या गाडीच्या नोंदीपाशी थांबला होता. थांबताना त्याने आधी घेतलेल्या नोंदी सोडल्या नव्हत्या. त्या नोंदींसाठी दुसरे तुकडे थांबले, त्यांच्यामागे स्टोअर, त्याच्यामागे पॅकिंग. आणि सगळ्यांच्या पुढे चाळीस मिनिटं उघडी असलेली ती एक नोंद.

मी तावातावाने गेटवर गेले. केबिनमध्ये कुणी नव्हतं, स्क्रीन तशीच उघडी. वहिनी बाहेर उन्हात ट्रकपाशी उभ्या राहून खोकी मोजत होत्या. मी तिथूनच आवाज चढवला, की गाडी भरत असताना नोंद उघडी टाकून जायला तुम्हाला सांगितलं कुणी?

वहिनींनी मोजणी पुरी केली, आकडा हातावर लिहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच."

आत येऊन त्यांनी कॉम्प्युटरच्या वरची भिंत दाखवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, चारी कोपरे चिकटवून एक कागद लावला होता. 'गाडी गेटबाहेर सुटेपर्यंत नोंद बंद करू नये.' अक्षर माझं होतं.

 सहा वर्षांपूर्वी स्टोअरवाले आतून वहिनींच्या नोंदीतले आकडे बदलायचे आणि वहिनींचे पुसले जायचे. सॉफ्टवेअर दुरुस्त करायला आठवडा लागला असता. म्हणून एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी नोंद धरून ठेवा, असं मी सांगितलं, आणि ते लिहूनही दिलं. नंतर करू म्हटलेली दुरुस्ती मी कधी केलीच नाही. वहिनींनी मात्र सहा वर्षं माझा शब्द पाळला होता.

दोन वाजून गेले होते. कागद द्या, साहेबांना दाखवते, असं मी म्हटलं. वहिनी कागदापुढे आडव्या येऊन उभ्या राहिल्या.

"न्हाई. ह्यो हितंच राहील. सायबांनाच हितं बोलवा."

मी फोन केला. साहेब वैतागतच आले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, हे अक्षर कुणाचं? कागदावर सही नव्हती. वहिनींनी स्वतःच लिहिलंय, असं मी म्हटलं असतं तर त्यांनी माझंच ऐकलं असतं. सर्व्हर मीच घ्यायला लावला होता, हिशोबाचं काम दिवसा मीच लावलं होतं, आणि खापर फोडायला एक डोकं समोर तयार होतं. वहिनी माझ्याकडे बघतही नव्हत्या. बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता. मी म्हटलं, "माझं. चूक माझी आहे."

साहेब मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तीन वाजता यादी गेली, त्यात वहिनींचं नाव होतं.

हिशोबाचं काम मी त्याच दिवशी संध्याकाळवर ढकललं. सॉफ्टवेअरची दुरुस्ती पुढच्या आठवड्यात पुरी केली. आता नोंद जतन करण्यापुरतीच धरली जाते, आणि मध्ये कुणी आकडा बदलला असेल तर पडद्यावर तसं दिसतं. मग नवा कागद लिहून गेटवर घेऊन गेले: 'आकडा भरला की नोंद लगेच बंद करावी.' वहिनींनी तो वाचला आणि पेनसकट माझ्यापुढे सरकवला.

"खाली सही करा, मॅडम. आमच्या मामंजींनी बी नुसत्या शब्दावर जमीन दिली व्हती."

मी सही केली, तारीख घातली. त्यांनी जुना कागद काढून घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि नवा त्याच पिशवीत घालून भिंतीला लावला.